जर्मनीत वर्षभराची स्वयंसेवा: एजंटाला एक रुपया न देता कसं जायचं

सांगलीहून एका मुलीच्या आईचा फोन आला होता. मुलगी बी.ए. झालेली, जर्मन शिकणारी. "एजंट म्हणतोय, जर्मनीत सरकारी स्वयंसेवेची जागा मिळवून देतो, अडीच लाख पडतील. द्यावेत का?" मी विचारलं, जागा कुठली, काम काय, करार कोणाशी? यातलं काहीच त्यांना सांगण्यात आलं नव्हतं. पहिला हप्ता मात्र शुक्रवारपर्यंत मागितला होता.

देऊ नका, असं मी सांगितलं. या योजनेत भाग घ्यायला जर्मन सरकार तुमच्याकडून शुल्क घेत नाही. अर्ज करायला, करार करायला पैसे लागत नाहीत. लागतं ते जर्मन भाषेचं बऱ्यापैकी ज्ञान, पंधरा-वीस नीट लिहिलेली पत्रं आणि दहा-बारा महिन्यांची सवड. मी स्वतः दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमात असं वर्ष काढलं. तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे अर्ज वाचून देतो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो.

ही योजना आली कुठून

जर्मनीत तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. ज्यांना बंदूक धरायची नसे ते त्याऐवजी इस्पितळात, वृद्धाश्रमात, अपंगांच्या संस्थांत नागरी सेवा करत. 2011 साली सक्ती स्थगित झाली आणि तिच्याबरोबर हे हातही गेले. ती पोकळी भरायला 1 जुलै 2011 पासून सरकारने बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा, सुरू केली. सगळे तिला बीएफडी म्हणतात आणि ती करणाऱ्याला प्रेमाने 'बुफ्दी'. मी वर्षभर 'उन्झर बुफ्दी', म्हणजे 'आमचा बुफ्दी' होतो. निम्म्या आजी-आजोबांना माझं खरं नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

तिच्याशेजारी एक जुनी योजना आहे, एफएसजे, म्हणजे ऐच्छिक सामाजिक वर्ष. तिचा कायदा 1964 चा. पर्यावरणाच्या कामासाठी तिचं भावंड एफओजे. एफएसजे आणि एफओजे 27 वर्षांखालच्यांसाठी. बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही, पण बाहेरून येणाऱ्याचं वय जास्त असेल तर व्हिसाच्या खिडकीवर प्रश्न वाढतात. या सगळ्या योजनांत मिळून वर्षाला सुमारे एक लाख माणसं असतात आणि त्यातली बहुतेक जर्मनच, बारावी होऊन पुढे काय करायचं ते न ठरलेली. तुम्ही त्यांच्यातच मिसळणार आहात, परदेशी मजुरांच्या वेगळ्या रांगेत नाही.

एक तिसरं दारही आहे, 'वेल्टवेर्ट्स'. जर्मनीच्या विकास मंत्रालयाने 2008 साली जर्मन तरुणांना आपल्यासारख्या देशांत पाठवायला ते उघडलं. 2013 पासून उलटी वाटही आहे, इकडच्या तरुणांनी तिकडे जाण्याची. वय 18 ते 28. यात विमानभाडं, विमा, भाषेची तयारी असा खर्च योजनेतून होतो. म्हणून हे दार सर्वांत चांगलं आणि सर्वांत अरुंद. स्वतः अर्ज करून इथे शिरता येत नाही, जर्मन संस्थेची भारतातली भागीदार संस्था तुम्हाला निवडते. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या सामाजिक संस्थेत जर्मन स्वयंसेवक येऊन राहत असतील, तर तिथे आधी चौकशी करा. तेच स्वयंसेवक बहुधा वेल्टवेर्ट्सचे असतात आणि परतीचा रस्ताही त्याच संस्थेतून जातो.

बाकी सगळ्यांनी बीएफडी किंवा एफएसजे धरून चालावं. पुढचं सगळं त्याबद्दल.

आधी पैशांचं गणित

हा पगार नाही, हातखर्च आहे. त्याला कायद्याने वरची मर्यादा असते आणि ती दर जानेवारीत बदलते. 2025 साली ती महिना 644 युरो होती. ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात पुष्कळ संस्था त्याहून बरंच कमी देतात. त्याशिवाय राहणं, जेवण, कामाचे कपडे संस्था फुकट देऊ शकते किंवा त्याबद्दल पैसे देऊ शकते. देऊ शकते, देईलच असं नाही. सगळी मेख इथे आहे. खोली देणाऱ्या संस्थेत 350 युरोंतही माणूस नीट राहतो. खोली न देणाऱ्या संस्थेत, तेही म्युनिकसारख्या शहरात, 600 युरो भाड्यालाच पुरत नाहीत.

आरोग्य, निवृत्तिवेतन, बेरोजगारी, अपघात आणि शुश्रूषा या पाचही सामाजिक विम्यांचे हप्ते तुमच्या वतीने भरले जातात, हातखर्चातून कापत नाहीत. विमानाचं तिकीट, व्हिसा शुल्क, भाषेची परीक्षा आणि पहिल्या महिन्याचा खर्च मात्र तुमचा. घरी पैसे पाठवायचा विचार असेल तर हे वर्ष त्यासाठी नाही, हे आई-वडिलांना आधीच सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं. पहिले चार महिने दर फोनवर "मग किती साठले?" ऐकावं लागलं.

भाषा: बी1 धरून चला

युरोपात भाषेच्या पातळ्या ए1 (अगदी सुरुवात) पासून ए2, बी1 असं करत सी2 पर्यंत मोजतात. अमुकच पातळी हवी असा एक नियम सगळीकडे नाही, पण ए1 वर कोणी विचारत नाही. ए2 वर काही जागा मिळतात. बी1 झालेल्याचं पत्र लोक शेवटपर्यंत वाचतात. शून्यापासून बी1 ला मन लावून शिकणाऱ्यालाही आठ-दहा महिने लागतात.

प्रमाणपत्र कोणाचं, हे महत्त्वाचं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन उत्तम शिकवतात, पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र व्हिसासाठी चालेल असं गृहीत धरू नका. गोएथे, टेल्क, ओएसडी किंवा टेस्टडाफ या परीक्षांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. गोएथेची परीक्षा पुण्यात बोट क्लब रोडच्या आणि मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात होते. तिथे न शिकताही परीक्षेला बसता येतं. जागा पटापट भरतात, त्यामुळे तारीख जाहीर होताच नोंदणी करा.

परीक्षेची जर्मन आणि गावची जर्मन यांत पुणेरी आणि मालवणी इतकं अंतर असू शकतं. श्वाबेन भागातल्या आजी पहिल्या दिवशी माझ्याशी काय बोलल्या ते मला तिसऱ्या महिन्यात कळलं. त्यांना चहा नको होता.

जागा शोधणं

अर्ज सरकारकडे करायचा नसतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. अर्ज जातो तो थेट कामाच्या जागेकडे, म्हणजे आइनझात्सश्टेलेकडे, किंवा अनेक जागांची देखरेख करणाऱ्या संस्थेकडे. तिला ट्रेगर म्हणतात. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस, आवो, इंटरनॅशनालर बुंड ही त्यांतली मोठी नावं. बीएफडीच्या अधिकृत संकेतस्थळावर जागा शोधायची सोय आहे. गाव, कामाचं क्षेत्र, राहायची सोय असं निवडून यादी काढा.

बहुतेक सेवावर्षं ऑगस्ट किंवा सप्टेंबरात सुरू होतात. बाहेरून येणाऱ्याने आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून पत्रं पाठवायला लागावं. व्हिसाला वेळ लागतो हे संस्थांनाही माहीत असतं. मे महिन्यात अर्ज करणाऱ्या भारतीयाला त्या वर्षापुरतं नम्रपणे नाही म्हणतात.

मोठी शहरं सोडा. बर्लिन, हांबुर्ग, म्युनिकला जर्मन मुलांचीच रांग असते आणि खोली मिळत नाही. लहान गावातल्या वृद्धाश्रमाला, अपंगांच्या कार्यशाळेला माणूस हवा असतो आणि बऱ्याचदा त्यांच्याकडे रिकामी खोलीही असते. कामाच्या क्षेत्राचंही तसंच. संग्रहालय, नाट्यगृह, जुन्या वास्तूंचं जतन यांतही ही सेवा करता येते, पण तिथे स्पर्धा फार आणि भाषा पक्की लागते. वृद्धांची आणि अपंगांची सेवा हीच परदेशी अर्जदाराची खरी वाट. त्यात अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं येतं. याची किळस येणार असेल तर आताच दुसरं क्षेत्र बघा. तिथे जाऊन कळण्यापेक्षा ते बरं.

पत्र

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पत्रांची सुरुवात एकच असते: मला जर्मन संस्कृती आवडते, जर्मनी हा प्रगत देश आहे, मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. वृद्धाश्रमाची व्यवस्थापक बाई असली पत्रं दिवसाला पाच वाचत असेल. तिला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: हा माणूस काम टाकून पळणार नाही ना, याला सांगितलेलं समजेल ना, आणि हा आमच्याकडेच का येतोय.

त्यामुळे तुमच्या आयुष्यातलं खरं काहीतरी सांगा. एका मुलीने लिहिलं होतं, आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा दोन वर्षं सकाळचं सगळं मी करत होते, कॉलेज दुपारचं घेतलं. तिला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. कॉलेजात एनएसएस केलं असेल तर 'दोन वर्षांत 240 तास' असा आकडा द्या आणि सात दिवसांच्या शिबिरात नेमकं काय केलं तेही: बंधारा बांधला, सर्वेक्षण केलं, शोषखड्डे खणले, जे असेल ते. जर्मन माणसाचा आकड्यावर विश्वास बसतो. वारीत पाणी वाटलं असेल, गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिराची नोंदवही सांभाळली असेल, तर तेही लिहा, फक्त वारी म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा.

पत्र एका पानाचं. संस्थेचं नाव आणि तिथल्या कामाचा एक तपशील हवाच, नाहीतर सगळीकडे पाठवलेलं एकच पत्र ओळखू येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घोटून घेतलेलं सी1 दर्जाचं पत्र पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर पहिल्या मिनिटात बिंग फुटतं. बी1 ची जर्मन, दोन-चार चुकांसकट, जास्त खरी वाटते. सोबत तक्त्याच्या रूपातली माहितीपत्रिका, भाषेचं प्रमाणपत्र आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका जोडा.

पंधरा-वीस ठिकाणी पाठवा. दोन आठवड्यांनी उत्तर नसेल तर फोन करा. जर्मनीत अशा वेळी फोन करणं उद्धटपणा समजत नाहीत, उलट तेवढ्याने तुमची भाषाही कळते.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. "आमच्याकडे रात्री साडेसहालाच जेवण असतं, तेही थंड, चालेल का?" असला प्रश्न गमतीने विचारलेला नसतो. शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. बहुतेक ठिकाणी पाव, चीज, बटाटे, सॅलड यांवर निभावतं, पण गेल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघराची पंचाईत होते.

करार: सही करण्यापूर्वी

बीएफडीचा करार तुमच्यात आणि जर्मन संघराज्यात होतो. त्याच्या वतीने कोलोनमधलं बाफ्झा हे सरकारी कार्यालय तो पाहतं. एफएसजेत करार तुम्ही, ट्रेगर आणि कामाची जागा यांच्यात असतो. एजंटाने पाठवलेल्या 'ऑफर लेटर'वर या दोन्हींपैकी काही नसेल तर तो कागद व्हिसासाठी निरुपयोगी आहे.

करारात बघा: हातखर्च किती, खोली कोणाची आणि तिचे पैसे कापणार का, जेवण सुट्टीच्या दिवशीही मिळणार का, आठवड्याचे तास, रजा, सेवेची मुदत. मुदत साधारण 12 महिने असते, 6 ते 18 असू शकते. खोली मिळणार असेल तर ते करारात किंवा वेगळ्या पत्रात लिहून घ्या. व्हिसाला पोटापाण्याची सोय दाखवताना हाच कागद कामी येतो. राहणं, जेवण आणि हातखर्च मिळून भागत नसेल तर उरलेली तरतूद कुठून होणार ते वेगळं दाखवावं लागतं.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. तुम्हाला स्वयंसेवेसाठीचा राष्ट्रीय व्हिसा हवा आहे. पर्यटक म्हणून जाऊन तिथे बदलून घेऊ, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. शुल्क 75 युरो, रुपयांत भरायचं. पासपोर्ट, करार, प्रेरणापत्र, माहितीपत्रिका, भाषेचं प्रमाणपत्र, राहायच्या जागेचा पुरावा आणि सेवा सुरू होईपर्यंतच्या दिवसांचा प्रवासी आरोग्य विमा या गोष्टी लागतातच. नेमकी यादी दूतावासाच्या पानावरून अर्ज करायच्या आठवड्यात उतरवून घ्या, वर्षापूर्वी मित्राने वापरलेली नको. निकालाला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. करार हाती आल्यावर त्याच आठवड्यात वेळ मागा. तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास: परत आल्यावर काय करणार? अनेकांना या वर्षानंतर तिथेच नर्सिंगचं किंवा दुसरं व्यावसायिक प्रशिक्षण, म्हणजे आउसबिल्डुंग, करायचं असतं. त्यात गैर काही नाही आणि तसं पुष्कळ जण करतात. पण पाठ केलेलं खोटं बोलू नका. एम.टेक. आणि सहा वर्षांची आयटीतली नोकरी असलेला माणूस अचानक वृद्धसेवेला निघाला, तर समोरच्याला शंका येणारच. त्याचं उत्तर तुमच्याकडे खरोखर हवं.

निघण्यापूर्वीच्या दोन गोष्टी, ज्यांवर लोक अडकतात

पहिली, गोवराची लस. मार्च 2020 पासून जर्मनीत बालवाडी, शाळा, इस्पितळ अशा ठिकाणी काम करणाऱ्याला, तो 1970 नंतर जन्मलेला असेल तर, गोवर प्रतिबंधाचा पुरावा द्यावा लागतो. दोन मात्रा. आपल्यातल्या कितीजणांचं लहानपणीचं लसीकरण कार्ड घरात सापडतं? सापडत नसेल तर डॉक्टरांना विचारून एमएमआरच्या दोन मात्रा घ्या. त्यांत चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. तारखा, शिक्का आणि सही असलेलं इंग्रजीतलं पत्र घ्या. शुश्रूषेचं काम असेल तर हिपॅटायटिस बी चंही विचारा.

दुसरी, पोलिसांचा चारित्र्य दाखला. लहान मुलांबरोबर काम असेल तर संस्था तो मागते. पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत तो मिळतो आणि पत्ता बदललेला असेल तर पडताळणीत वेळ जातो.

पहिले पंधरा दिवस

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. या नोंदीवाचून बँक, करक्रमांक, निवास परवाना सगळंच रखडतं. पाठोपाठ आरोग्य विमा संस्था निवडा, बँक खातं उघडा आणि परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी वेळ मागा. ती वेळ दोन महिन्यांनंतरचीही मिळू शकते, म्हणून व्हिसाची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी उतरणाऱ्यांनी तांदूळ-डाळ बॅगेतच न्यावी.

काम आणि तुमचे हक्क

स्वयंसेवक हा जादाचा हात असतो, नोकराच्या जागी ठेवलेला नाही, असं कायदाच सांगतो. रात्रपाळीला तुम्हाला एकटं ठेवणं, औषधं वाटायला लावणं, आजारी कर्मचाऱ्याची पाळी सतत तुमच्या माथी मारणं हे त्यात बसत नाही. आधी जागेवरच्या मार्गदर्शकाशी बोला, मग ट्रेगरच्या शिक्षण विभागातल्या माणसाशी. आपल्याकडची मुलं इथे गप्प बसतात, व्हिसा जाईल या भीतीने. अचानक काम सोडलं तर परवान्याचा प्रश्न खरंच येतो, कारण तो सेवेशी बांधलेला असतो. पण त्याच ट्रेगरच्या दुसऱ्या जागी बदली मागता येते आणि ती मिळते. माझ्या गटातल्या दोघांना मिळाली.

27 वर्षांखालच्यांना वर्षात 25 दिवस सेमिनार असतात, कामाच्या वेळेतच आणि तुमच्याकडून पैसे न घेता. बीएफडीत त्यातले पाच दिवस नागरिकशास्त्राचे, सरकारच्या शिक्षण केंद्रात. मी कंटाळा येणार असं धरून गेलो होतो. पण कायद्यानेच तिथे एकाच बाजूचं मत मांडायला मनाई आहे, त्यामुळे सक्तीच्या सैन्यसेवेवर दोन दिवस जे भांडण झालं ते मी अजून विसरलो नाही. अठरा वर्षांची मुलं शिक्षकाला सरळ म्हणत होती, तुमचं चुकतंय. स्वयंसेवक आपले प्रतिनिधीही निवडतात आणि ते योजनेतल्या त्रुटी वर मांडतात. परदेशी म्हणून मागे बसू नका. आमच्या गटात खोलीच्या भाड्याचा प्रश्न मांडला तो आम्हा बाहेरून आलेल्यांनीच.

युरोपात आधीच शिकत असाल तर

युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर ही युरोपीय संघाची योजना भारतातून अर्ज करणाऱ्याला सहसा खुली नाही. पण तिथे नागरिकत्वापेक्षा कायदेशीर निवास पाहतात. त्यामुळे डब्लिनला किंवा आइंडहोवनला शिकणाऱ्या मराठी मुलाला युरोपियन युथ पोर्टलवर नाव नोंदवून दुसऱ्या सदस्य देशात दोन ते बारा महिन्यांची स्वयंसेवा मिळू शकते. वय 18 ते 30, प्रवास, राहणं, जेवण, विमा आणि थोडा दैनिक हातखर्च योजनेतून. आपला निवास परवाना मधल्या काळात चालू राहतो का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात लेखी विचारून मगच होकार द्या.

निघताना

सेवा संपायच्या महिनाभर आधी प्रमाणपत्र मागा, आणि नुसतं तारखांचं नको, कामाचं वर्णन आणि मूल्यमापन असलेलं 'क्वालिफिझिअर्टेस त्सॉयग्निस' मागा. पुढे आउसबिल्डुंगसाठी अर्ज करताना हाच कागद सर्वांत आधी बघतात. मार्गदर्शक बाई रजेवर गेली की ते पत्र तीन महिने लांबतं. माझं पुण्याला टपालाने आलं, दिवाळीनंतर, पाकिटावर कॉफीचा डाग आणि आत दुसऱ्याच बुफ्दीची जन्मतारीख. दुरुस्त होऊन यायला आणखी सहा आठवडे लागले.